पंख्यावरचा आळ

लग्न होऊन मी सांगलीला आले ती मार्गशीर्षात. थंडीचे दिवस होते, त्यामुळे सांगलीचा उन्हाळा काय चीज आहे याचा ठरवाठरवीत कुणी उच्चारही केला नाही. माझं माहेर रहिमतपूरचं. ऊन तिथंही असतंच, पण दिवस कलला की वारा सुटतो आणि अंगणात बसवतं. इथं फाल्गुन संपला तसा वारा जो गेला तो गेलाच. घर नदीच्या अंगाला, म्हणून मी मोठ्या आशेनं संध्याकाळी मागच्या दारी उभी राहायची, तर नदीकडून यायची तीही चुलीपुढची हवा. त्यात आमची खोली माडीवर आणि वर पत्रा. दुपारी त्या खोलीत पापड वाळत घातले असते तर भाजूनच निघाले असते.

माहेरी धाडलेल्या पत्रात मी उकाड्याबद्दल एक ओळ लिहिली. एकच. पण वडील फौजेतून सुभेदार होऊन घरी आलेले; तक्रार कानावर आली की तिच्यावर ताबडतोब कारवाई करायची, एवढं एकच त्यांना येत होतं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ते पॅसेंजरनं आले. मांडीवर खोकं. गाडीला गर्दी नव्हती, वरची फळी मोकळी होती, तरी रहिमतपूरपासून सांगलीपर्यंत त्यांनी ते खोकं मांडीवरून खाली ठेवलं नव्हतं. आत फौजी कँटीनमधून घेतलेला टेबल फॅन होता.

तो पंखा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. हिरवट रंग, लोखंडी बूड, तोंडावर जाळी. चालू केला की मान हळूहळू डावीकडून उजवीकडे वळवायचा, टोकाला पोचला की कट्ट करायचा आणि परत फिरायचा. आमच्या आळीत तसला पंखा कुणाकडेच नव्हता. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या पहिल्यांदा पंख्यापुढून गेल्या तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"अगं बया, ह्यो तर सगळ्यास्नी बगतूया," त्या म्हणाल्या.

त्यानंतर पंख्यापुढून जाताना त्या रोज पदर सावरायच्या. घरात परका पुरुष बसलाय म्हटल्यावर जेवढं अंग चोरावं तेवढं चोरायच्या. पण वारा लागला की पावलं आपसूक मंद व्हायची. हे मी बरोबर हेरलं होतं. मनात म्हटलं, थोडे दिवस जाऊ देत, ह्याच त्याच्यापुढे गोधडी टाकतील. तेवढे दिवस पंख्याला मिळाले नाहीत.

घरात माणसं चार. मामंजी म्हणजे माझे सासरे, आत्याबाई, हे आणि मी. मामंजींचा हळदीचा व्यापार. परसात गोठ्याला लागून त्यांचं एक पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खोल खड्डा. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत रांजणासारखा फुगलेला. आतून उसाचा पाला लावायचा, हळद ओतायची, तोंडावर दगड ठेवून वरून माती लिंपून टाकायची. आत वारा नाही, उजेड नाही, कीड नाही. हळदीचा रंग कितीही दिवस तसाच राहतो. गिऱ्हाईक ठरेपर्यंत पेव उघडायचं नाही, मधेच उघडणं अशुभ, असा आमच्या घरचा नेम होता.

पंखा आला त्याच सुमाराला पेव भरलं. एरवी आत उतरणारे हमाल कंदील घेऊन उतरायचे. त्या वर्षी मामंजींना आधुनिक व्हायची हुक्की आली. हे कुपवाडला एका कारखान्यात लेथवर होते, आणि कारखान्यात जाणाऱ्याला विजेतलं सगळं कळतं अशी आमच्या घरात ठाम समजूत होती. ह्यांनी गोठ्यातला बल्ब काढला, तिथून लांबलचक वायर ओढली आणि मिळाला तेवढा मोठा बल्ब लावून तो पेवाच्या तोंडातून आत सोडला. पेवात लख्ख उजेड पडला. हमाल म्हणाले, लगीनघरात आल्यावानी वाटतंय. मामंजी दिवसभर मिशीतल्या मिशीत हसत होते.

माल त्या वर्षी कमीच होता, त्यामुळे पेव गळ्यापर्यंत भरलं नाही. तोंड बंद करायचा मुहूर्त जवळ आला आणि नेमकी लाईट गेली. त्या काळी सांगलीत लाईट जाणं ही काही बातमी नव्हती. मुहूर्त टळायला नको म्हणून कंदील आणून घाईघाईनं दगड बसवला, माती लिंपली, नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. पुढे कडब्याची गाडी आली. पावसाळ्याची बेगमी म्हणून तो गोठ्यात भिंतीला लावून आढ्यापर्यंत रचला.

आणि मग लाईटचं बिल आलं.

बिल इंग्रजीत असायचं. मी मॅट्रिक झालेली, म्हणून घरातलं इंग्रजी माझ्याकडे. मी आकडा वाचला. मामंजी म्हणाले, "नीट वाच." मी नीट वाचला. ते म्हणाले, "चष्मा लावून वाच." मला चष्मा नव्हता. त्यांनी स्वतःचा काढून दिला. त्यातून मला काहीच दिसेना, पण आकडा आता पाठ झाला होता, तो मी तिसऱ्यांदा सांगितला. आकडा नेहमीच्या कितीतरी पट होता. मामंजींनी बिल उलटं करून पाहिलं, उजेडाला धरून पाहिलं, आणि शेवटी हळदीचं कुडं म्हणजे हळकुंड दाताखाली धरून पाहतात तसं करतात की काय असं मला वाटलं.

आत्याबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण तपास कसा करायचा ते येत होतं.

"ह्या महिन्यात घरात नवं काय आलं?" त्यांनी विचारलं.

 सगळ्यांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा नेमका तेव्हा मान फिरवत होता. त्यानंही सगळ्यांकडे पाहिलं.

"आई, फॅनला एवढी वीज लागत न्हाई," हे म्हणाले.

"तुला रं काय म्हाईत? तुजा लेथ तुजा मालक चालवतूया. बिल त्यो भरतूया."

ह्यावर ह्यांनी उठून पंख्याचं बटण बंद केलं. पंख्याला जुन्या लुगड्यात गुंडाळलं, सुतळीनं आवळलं आणि स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर चढवलं. वडिलांनी मांडीवर आणलेला तो पंखा पापडाच्या डब्यांशेजारी तोंड झाकून बसला. मी खाली उभी राहून बघत होते. 

मामंजींचं मत मात्र वेगळं होतं. पंखा खातो की नाही या वादात ते पडलेच नाहीत. त्यांच्या हिशेबी बिलातला आकडा हा लाईटवाल्यांनी सांगितलेला भाव होता, आणि सांगितलेल्या भावात कुणी शहाणा माणूस माल उचलत नाही. "पैल्यांदा वाढवूनच सांगायचं आसतं," ते म्हणाले. "बाजार हाय त्यो. चल, तू संगट. विंग्रजी लागंल." इस्तरीचं धोतर, काळी टोपी, खांद्यावर उपरणं असा बाजाराच्या दिवसाचा पोशाख करून ते निघाले आणि त्यांच्या मागून मी.

आणीबाणीचे दिवस होते. लाईट ऑफिसातले कारकून वेळेवर खुर्चीत बसलेले होते, हा मामंजींना बसलेला पहिला धक्का. खुर्ची रिकामी मिळाली असती तर त्यांना आरडाओरडा करता आला असता. तो त्यांनी वाटेत तयारही केला होता. खिडकीतला कारकून चक्क म्हणाला, "बसा. काय काम आहे?" मामंजी बसले आणि त्यांनी बिल पुढे केलं.

कारकुनानं बिल पाहिलं, आकडे ताडले आणि म्हणाला, "बरोबर आहे."

"ते बराबर हाय हो," मामंजी समजुतीच्या सुरात म्हणाले. "आता कमी किती करता ते बोला."

"कमी कसं होणार? मीटरप्रमाणे आहे."

मामंजींनी आजूबाजूला पाहिलं. रांगेत माणसं होती. एवढ्या लोकांसमोर हा बिचारा भाव कसा फोडणार, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. हळदीच्या बाजारात तेव्हा भाव तोंडानं बोलायची पद्धत नव्हती. घेणारा आणि विकणारा हातात हात द्यायचे, वरून उपरणं टाकायचं, आणि आत बोटं दाबून काय तो सौदा करायचा. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नसे. मामंजींचं उभं आयुष्य त्या उपरण्याखाली गेलेलं. त्यांनी खिडकीतून हात घातला, कारकुनाचा हात धरला, त्यावर झटकन उपरणं टाकलं आणि त्याची तीन बोटं दाबली.

कारकून अंगावर पाल पडल्यासारखा उठला. खुर्ची मागे पडली. त्यानं दोन्ही हात डोक्यावर धरले, पंजे उघडून सगळ्या ऑफिसला दाखवले आणि ओरडला, "मी काही घेतलेलं नाही! बघा सगळे! माझ्या हातात काही नाही!"

 त्या दिवसांत लाच घेताना सापडण्याची भीती काय होती ते आता सांगून कळायचं नाही. सगळी रांग मामंजींकडे बघत होती आणि मामंजी आपल्या रिकाम्या उपरण्याकडे.

"आवं, घेताय कशाला? मी कुटं देतूया? मी तर कमी कराया सांगतूया!" ते म्हणाले. ह्यानं प्रकरण आणखीच चिघळलं.

आतून साहेब आले. तरुण, पुण्याकडचे, भांग नीट पाडलेला. मी पदर सावरून पुढे झाले आणि हळदबाजारातला रिवाज त्यांना समजावून सांगितला. सासऱ्यांसमोर परक्या माणसाशी एवढं बोलायची माझी ती पहिलीच वेळ. साहेबांनी ओठ घट्ट मिटून ऐकून घेतलं. हसू दाबायला त्यांना बरेच कष्ट पडत होते. "मीटर तपासायला माणूस पाठवतो," ते म्हणाले. कारकून तोवर हात धुऊन आला होता.

वाटेत मामंजींनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "पोरगं नवं हाय. बाजाराची सवय न्हाई त्येला." पुढच्या वळणावर ते थांबले आणि म्हणाले, "तू चांगली बोललीस." मी घरापर्यंत उड्याच मारत आले असते, पण रस्त्यात सून उड्या कशा मारणार?

माणूस पाठवतो म्हणाले, पण माणूस येता येईना. वैशाख तापला. माडीवर झोपणं अशक्य झालं तशी मी चटई घेऊन स्वयंपाकघरात, माळ्याखाली निजायला लागले. वर पंखा, खाली मी, आणि दोघांना वारा नाही. आणि तशात दुसरं बिल आलं. पंखा महिनाभर गुंडाळून ठेवलेला, आणि बिल पहिल्यापेक्षाही मोठं.

मला आकडा वाचताना आनंद झाला, हे मी कबूल करते. म्हटलं, चला, पंखा सुटला. मी आत्याबाईंकडे बघून जवळजवळ हसलेच. त्या भाजी निवडत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या,

"दुपारचा माजा डोळा लागतोय, तवा त्यो खाली कोन उतरवतं?"

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा कानात दडे बसले.

"आत्याबाई, मी हात न्हाई लावला त्येला."

"मी कुटं म्हनते, तू लावलास? मी इचारते, कोन उतरवतं."

घरात दुपारी दोघीच असायचो. मी नाही म्हणाले होते आणि त्यांनी ते मानलं नव्हतं, एवढं साधं होतं ते. माझ्या माहेरी वडिलांचा मार खाल्ला असेल, पण मी खोटं बोलते असं मला कुणी कधी म्हटलं नव्हतं. आणि इथं, जिथं मला आता जन्म काढायचा होता, तिथं पहिल्याच उन्हाळ्यात माझा शब्द खोटा ठरला. हे कामावरून आले, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आईचं बोलणं मनावर घेऊ नगंस." मला त्या क्षणी आत्याबाईंपेक्षा त्यांचाच राग आला. मनावर नाही तर कुठे घ्यायचं, तेवढं तरी सांगायचं.

तेव्हापासून मला पंखा नको होता. उकडून मेले असते तरी चालणार होतं. मला फक्त आत्याबाईंच्या तोंडून ऐकायचं होतं की मी खोटं बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः स्टूल लावून वर चढले, पंख्याचं गाठोडं पुढे ओढलं आणि म्हणाले, "तुमच्या हातानं गाठी मारा." त्यांनी मारल्या. गाईला बांधतात तसल्या, एकीवर एक. वर प्रत्येक गाठीला कुंकवाचं बोट लावलं, म्हणजे सुटली तर कळावी. मी जरा जास्तच ताठ्यात म्हणाले, "आनखी लावा." त्यांनी आणखी लावलं. पंखा आता माळ्यावर देवासारखा दिसायला लागला.

अखेर एकदाचे साहेब स्वतः एका वायरमनला घेऊन आले. मामंजींच्या तक्रारी इतक्या झाल्या होत्या की त्यांना आता आमच्या घराची उत्सुकता वाटत असावी. मीटर ओसरीत होता. त्यात एक चकती असते, तिच्यावर लाल खूण. वीज वापरली की ती फिरते. साहेब म्हणाले, घरातलं एकूण एक बटण बंद करा. आम्ही सगळं बंद केलं. रेडिओ बंद केला. मामंजींनी खबरदारी म्हणून हातातला टॉर्चही विझवला.

चकती फिरत होती. चांगली झपाझप.

मामंजी साहेबांच्या अंगावर गेले ते आनंदानं. "बगा! घरात काळा कुट्ट अंधार, आन् तुमची चकती पळतीया! आता बोला!"

"मागे गोठा आहे ना? तिथे काही चालू?"

"तितं बल्बच न्हाई," मामंजी म्हणाले. "म्हस अंधारात खाती." ते खरंच होतं. पाडव्यापासून गोठ्यात बल्ब नव्हता. आम्ही कंदील घेऊन जायचो. साहेबांनी दारातून डोकावून पाहिलं, आत आढ्यापर्यंत कडबा आणि कडब्यापुढे म्हैस. म्हशीनंही त्यांच्याकडे पाहिलं. साहेब परत फिरले.

साहेबांनी कबूल केलं, मीटर बिघडला असणार. मामंजींनी जिंकल्यासारखं उपरणं झटकलं. साहेब घाईनं दोन पावलं मागे सरले. दोन दिवसांत वायरमननं नवा मीटर बसवला, मामंजींनी त्याला हळद-कुंकू वाहिलं, आम्ही सगळं बंद केलं, आणि नवी कोरी चकती जुनीपेक्षा जोरात पळायला लागली. वायरमननं तिच्याकडे बघून जीभ चावली.

मी आत्याबाईंना म्हणाले, "आता तरी पटलं? पंखा वर हाय, मी हितं हाय, आन् चकती फिरतीया."

आत्याबाईंनी विचार केला. त्या स्टुलावर चढल्या, गाठोड्यावर हात ठेवला, वारा बाहेर येतोय का ते पाहिलं, कुंकू मोजलं आणि खाली उतरल्या.

"मीटर खोटा आसंल," त्या म्हणाल्या. "पर म्हनून तू खरी कशी?"

 

मृगाच्या आधी हळदीला गिऱ्हाईक आलं. बाजारातला एक जुना व्यापारी, मामंजींच्या बरोबरीचा. पाऊस पडायच्या आत माल उचलायचा ठरला. पेव दिवस मावळताना उघडायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं, कारण आतली हवा कोंडून विषारी झालेली असते. लगेच उतरला तर माणूस जातो. त्याप्रमाणे दिवस बुडता बुडता हमालांनी माती फोडली आणि पहारी घालून दगड उचलला.

जमिनीतून उजेड बाहेर आला.

पिवळा, धमक, सरळ वर. दगड सरकला तसा तो वाढत गेला आणि हमालांच्या तोंडावर पडला. दोघे पहारी टाकून मागे पळाले. तिसऱ्यानं डोईचं मुंडासं काढून हात जोडले. व्यापारी "आरं देवा, देवा" करत खाली बसला. आत्याबाई धावत घरात गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. "धरतीमायनं दिवा लावलाय माज्या दारात," असं म्हणत त्यांनी कुंकवाची मूठच्या मूठ त्या उजेडात सोडली. मीसुद्धा हात जोडले होते. मॅट्रिक झालेली असले तरी जमिनीतून उजेड येताना पहिल्यांदाच बघत होते.

फक्त दोन माणसांनी हात जोडले नाहीत. मामंजींनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी मामंजींकडे पाहिलं.

"मला वाटलं तुमी काढला," हे म्हणाले.

"मला वाटलं तू," मामंजी म्हणाले.

मग हे गोठ्यात पळाले. कडब्याच्या पेंढ्या धडाधड बाहेर येऊन पडायला लागल्या, म्हैस ओरडायला लागली, आणि शेवटी भिंतीवरचं बटण सापडलं. खट्ट. धरतीमायचा दिवा विझला. आत्याबाईंचे हात जोडलेले तसेच होते. मुहूर्ताच्या घाईत लाईट गेली तेव्हा बल्ब आत लोंबकळत राहिला होता. वायर वरच्या मातीत लिंपली गेली, पुढची कडब्यामागे झाकली गेली. आणि संध्याकाळी लाईट परत आली ती बल्बालाही आली, फक्त तो बघायला तिथं कुणी नव्हतं. पाडव्यापासून मृगापर्यंत आम्ही बंद पेवातल्या हळदीला रात्रंदिवस उजेड दाखवत होतो. सांगलीचा विजेचा दाब तेव्हा इतका मरतुकडा होता, की बल्बही काही केल्या मरेना.

सकाळी पेव रिकामं करताना दुसरा हिशेब निघाला. उजेडानं वरच्या थरातली हळद फिकी पडली होती. व्यापाऱ्यानं एक कुडं मोडून पाहिलं, मामंजींच्या तोंडासमोर धरलं आणि हात पुढे केला. मामंजींनी हातात हात दिला, वर उपरणं पडलं. त्याखाली कुणी किती बोटं दाबली हे बघणाऱ्याला कधी कळत नाही म्हणतात. त्या दिवशी मला मामंजींच्या चेहऱ्यावरून एकूण एक बोट कळलं.

पण एक सांगायलाच हवं. त्याच दुपारी ते पुन्हा धोतर-टोपी करून लाईट ऑफिसात गेले. मला संगट नेलं. साहेबांपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "मीटर तुमचा दोनीबी येळंला खरा हुता. चूक आमच्या घरातली. बिल भरतूया." त्यांना वाईट वाटत होतं, ते आवाजात कळत होतं, पण त्यांनी एक अक्षर गिळलं नाही. कारकुनानं पैसे घेताना दोन्ही हात टेबलावर उघडे ठेवले होते. ऑफिसाबाहेर आल्यावर मला वाटलं, एवढा मोठा माणूस परक्या साहेबापुढे चूक म्हणू शकतो, तर घरात का नाही कुणी माझ्यापुढे म्हणत?

घरी आलो तर आत्याबाई स्टुलावर. अंगानं त्या भरलेल्या होत्या, स्टूल कुरकुरत होतं. मी धावले, तर म्हणाल्या, "सर तू. मी चढवला, मी उतरवीन." पंखा खाली आला. पण गाठी त्यांनी अशा मारल्या होत्या की त्यांच्याच हातानं सुटेनात. नखं लावून झाली, दात लावून झाले, शेवटी विळीवर धरून लुगडंच कापलं. दोघांच्याही तोंडभर कुंकू लागलेलं होतं. आधी पंख्याचं की आत्याबाईंचं पुसावं ते मला समजेना.

पंखा त्यांनी माजघरात लावला आणि त्याच्यापुढे बसल्या. पदर पुढे ओढला नाही. मला म्हणाल्या, "हितं बस." मी जवळ बसले. 

"त्या दिशी मी बोलले तवा तू रडली न्हाईस," त्या म्हणाल्या. "डोळ्यात टिपूस न्हाई. म्हनून मला वाटलं, हिच्या मनात कायतरी हाय. खऱ्या मानसाला रडू येतं."

"रडले की," मी म्हणाले. "तुमच्यापुढं न्हाई रडले."

"मग कुटं?"

"परसात जाऊन. रोजच जायची दुपारचं. पेवावरच्या दगडावर बसून रडायची."

आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं.  मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अगं माजे बाई," त्या म्हणाल्या. "म्हंजे खाली त्यो बल्ब जळत हुता आन् वर तू. आन् आमी समदी हितं मीटर बगत बसलो."